महिनेवारीचं पाणी

वसतिगृहाला कायमचं कुलूप लागलं त्या आठवड्यात ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं नेलं. स्वयंपाक्यानं मोठी पातेली नेली, रखवालदारानं खुर्च्या नेल्या, मॅनेजरनं भिंतीवरचं घड्याळसुद्धा सोडलं नाही. पाणीमावशीच्या वाट्याला बंब आला, कारण तो कुणाला उचलवला नाही.

अठरा वर्षं तिनं त्या बंबावर साठ पोरांच्या अंघोळीचं पाणी तापवलं होतं. पोरं तिला पाणीमावशी म्हणायची आणि मग सगळं गावच म्हणायला लागलं. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, तिथंच राहिलं. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि मागे अंगण, एवढं तिचं स्वतःचं होतं. वखारीतल्या चार हमालांनी लाकडाचे ओंडके खाली घालून तो छातीएवढा तांब्याचा बंब घरंगळत तिच्या अंगणात आणून उभा केला. जाताना एक हमाल म्हणाला, "मावशी, एवढं पाणी एकट्या अंगाला पुरेल ना?" सगळे हसले. मावशीही हसली, आणि दार लावून घेतल्यावर बराच वेळ त्या बंबाकडे बघत बसली. आता करायचं काय, हे तिला खरंच कळत नव्हतं.

चार दिवसांनी मोठा भाऊ आला. शहरात त्याचं रंगाचं दुकान होतं. चहा घेता घेता त्यानं बंबावर बोटाची टिचकी मारून पाहिली.

"अस्सल तांबं आहे. मोडीत चांगला भाव येईल. हा विकू, खोल्या भाड्यानं देऊ आणि तू चल माझ्याकडे."

"तुझ्याकडे काय करू?"

"करायचं काय? राहायचं. तुझी वहिनी दिवसभर एकटी असते."

मावशीला वहिनी माहीत होती. वहिनी वाईट नव्हती. पण त्या घरात सगळ्यांच्या खोल्या ठरलेल्या होत्या, आणि आल्यागेल्याची गादी पडायची ती जिन्याजवळच्या बोळात. मावशी म्हणाली, "दादा, मी इथंच काहीतरी करते. लोकांना सकाळी गरम पाणी लागतंच की. महिन्याचं ठरवून घरोघर देईन."

भाऊ हसायला लागला. "पाणी तापवून विकणार? आणि उन्हाळ्यात काय विकशील, घाम?"

"थंडी संपेपर्यंत बघू दे."

"ठीक आहे. थंडी संपली की मी टेम्पो घेऊन येतो. तोवर वीस घरं जमली तर मी तोंड उघडणार नाही. नाही जमली तर तू उघडायचं नाहीस."

मावशीनं मान डोलावली. बोळातली गादी चुकवायची तर वीस घरं पाहिजेत, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

वेळ तशी बरी होती. त्या वर्षी जंगलखात्यानं लाकूडतोडीवर कडक बंदी घातली होती. सरपणाची मोळी दिसली की शिपाई आडवा यायचा. वीज होती, पण पहाटे सगळ्यांनी हीटर लावले की दिव्यांची मान पडायची आणि पाणी कोमट होता होता ऑफिसची वेळ टळायची. पण गरज असणं वेगळं आणि दारात आलेल्या बाईला हो म्हणणं वेगळं. पहिल्या दिवशी मावशी बारा घरं फिरली. एकीनं विचारलं, "आमच्याकडे काय चूल पेटत नाही?" दुसरीनं आतूनच सांगितलं, "आज काही नको, पुढे जा." मावशी क्षणभर तिथंच उभी राहिली. अठरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला कुणी पहिल्यांदाच पुढे जा म्हटलं होतं. घरी जाऊन ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती वखारीत गेली. लाकूड मिळत नव्हतं, पण करवतीखाली पडलेल्या भुशाचा तिथं डोंगर साचला होता. वखारवाला बिल लिहीत होता. बोलली ती त्याची आई. म्हातारी सत्तरीची, गुडघे सुजून उशीएवढे झालेले, तोंड मात्र ठणठणीत.

"भुसा कशाला पाहिजे? खायला?"

"बंब पेटवायला."

"भुशावर बंब पेटतो होय? धूर करून गाव मारशील."

"पेटतो. दाबून भरता आला पाहिजे."

"मग भुसा ने हवा तेवढा. मला रोज दोन बादल्या आणून द्यायच्या. कढत. कोमट आणलंस तर बादली तुझ्याच डोक्यावर ओतीन."

असा पहिला करार झाला.

पहिलं पैशाचं गिऱ्हाईक म्हणजे टेलरमास्तर. एकटा माणूस. बायको वारलेली, मुलगी लांबच्या गावी दिलेली, रस्त्याच्या कोपऱ्यावर शिलाईचं दुकान आणि मागे खोली. त्यानं घासाघीस केली नाही. उलट मशीनवरून उठून विचारलं, "महिन्याचे आगाऊ घेणार की मागून?"

"मागून चालतील."

"आगाऊ घे. मागून घेणाऱ्याला लोक मागूनच देतात."

मग मास्तरनं येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांना माप घेता घेता सांगायला सुरुवात केली. कंबर मोजता मोजता म्हणायचा, "पाणी लावलंत का मावशीचं? पाठ मोकळी होते." टेप गळ्यात असताना माणूस नाही कसं म्हणणार? पंधरा दिवसांत नऊ घरं झाली. बसचा कंडक्टर, पोस्टातले दोघं भाऊ, एक बाळंतीण आणि तिची सासू. मग एकाचं बघून दुसऱ्यानं लावलं. कडाक्याची थंडी पडली तेव्हा मावशीकडे एकोणीस घरं होती. विसावं कुठं सापडतंय का, हे ती रस्त्यानं जाताना प्रत्येक दाराकडे बघून मोजत असायची.

काम अंग मोडणारं होतं. पत्र्याच्या डब्यात मधोमध गुळगुळीत दांडा उभा धरायचा, भोवती भुसा टाकायचा आणि मुसळानं चेपायचा, चेपायचा, दगडासारखा होईपर्यंत. मग दांडा अलगद फिरवत वर काढायचा. मध्ये नळी उरते. डबा बंबाखाली ठेवून खालच्या भोकातून काडी लावली की भुसा तीन तास जाळ न होता धग देतो. भुसा सैल राहिला तर कोसळतो, ओला राहिला तर नुसता धूर. पहिल्या महिन्यात तिच्या पापण्या दोनदा जळल्या. पहाटे चारला विहिरीवरून पाणी ओढायचं, बंब भरायचा, साडेपाचला झाकणाच्या किटल्यांत गरम पाणी भरून हातगाडीवर ठेवायच्या. सायकलच्या जुन्या चाकांची गाडी, खडखडाट असा की गल्ली जागी व्हावी. थंडी कानात शिरू नये म्हणून डोक्याला मफलर घट्ट गुंडाळायची. किटल्या भरताना वसतिगृहातल्या सवयीनं तोंडातून निघायचं, "एकेक करून या रे." मग स्वतःशीच गप्प व्हायची.

प्रत्येक घराचं पाणी वेगळं. ती कोपर बुडवून बघायची आणि सांगायची कुठलं कुणाचं. मास्तरला चटका बसेल असं लागायचं, कंडक्टरला नावाला गरम, बाळंतिणीच्या सासूला वाफ दिसली पाहिजे, मग आत गार मिसळलं तरी चालेल.

गिऱ्हाइकांना तिनं वसतिगृहाचाच नियम लावून दिला होता. पोरं सुट्टीत घरी जाताना बादली पालथी घालून जायची, म्हणजे मावशीनं त्याचं पाणी धरायचं नाही. तसंच इथं. मागच्या दाराशी बादली सुलटी असली की पाणी ओतायचं, पालथी असली की पुढे जायचं. हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. सकाळच्या घाईत कुणाला ते आवडायचंही नाही. दार उघडलंच तर वीतभर. आतून टॉवेल गुंडाळलेला, डोळे चिकटलेले कुणीतरी बादली आत ओढायचं आणि दार बंद. रोज एकोणीस घरांच्या दाराशी ती जात होती आणि रोज तिच्याशी एकही माणूस बोलत नव्हतं. साडेआठला रिकामी गाडी घेऊन परत येताना घराघरांतून बोलण्याचे, भांड्यांचे, पोरांच्या रडण्याचे आवाज यायचे. आपल्या घरात शिरलं की फक्त आपल्याच बांगड्यांचा आवाज. साठ पोरांच्या गोंगाटात अठरा वर्षं काढलेल्या बाईला ते फार जड जायचं.

अपवाद फक्त मास्तरचा. तो सुई-दोरा तोंडात धरून दारात उभाच असायचा. "आज पाणी जरा रागावलेलं दिसतंय," असं काहीतरी बोलायचा. मावशी म्हणायची, "पाणी नाही, मी." तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

एका सोमवारी मास्तर म्हणाला, "उद्या पहाटेच्या गाडीनं मुलीकडे जातोय. दोन-तीन दिवस. रात्रीच पालथी घालून ठेवतो."

मंगळवारी बादली पालथी होती. मावशी पुढे गेली. खरं सांगायचं तर तिला एक बादली वाचली याचं बरंच वाटलं, कारण त्या दिवशी भुसा ओलसर होता आणि पाणी कमी पडत होतं. बुधवारीही पालथी. पुढे गेली. गुरुवारी मास्तरच्याच दारासमोर गाडीच्या चाकात दगड अडकला. दगड काढायला ती वाकली तसा मफलर सुटून कान उघडे पडले, आणि आतून आवाज आला. टक. मग बऱ्याच वेळानं पुन्हा टक. प्लॅस्टिकचा मग फरशीवर आपटल्यासारखा.

"मास्तर?"

टक.

दाराला आतून कडी होती. तिनं खांदा लावला, मग गाडीचा दांडा काढून कडी उचकटली. मास्तर न्हाणीत पडला होता, भिंतीला टेकून, एक पाय नको तसा वळलेला. ओठ फाटलेले. मंगळवारी पहाटे निघायच्या तयारीत पाय घसरला होता. मावशीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि किटलीच्या झाकणातून पाणी पाजलं. दोन घोट घेऊन तो म्हणाला, "आज थांबलीस."

"मला काय ठाऊक मास्तर? बादली—"

"मीच घातली होती पालथी. तुझी चूक नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "रोज गाडीचा आवाज यायचा. मी म्हणायचो, आता थांबेल. मग लांब जायचा."

मावशीनं झाकण पुन्हा भरून त्याच्या ओठांना लावलं. तो रागावला असता, शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात महिना गेला आणि मग मुलगी जीप घेऊन त्याला न्यायला आली. दुकानातलं मशीन कुणीतरी आधीच विकत घेतलं होतं. मावशी निरोप द्यायला गेली तेव्हा मास्तर जीपच्या मागच्या बाकावर आडवा होता.

"मुलगी सोन्यासारखी आहे," तो म्हणाला. "पण तिथं मला कुणी मास्तर म्हणणार नाही. बाबा म्हणतील. बाबाला काय काम असतं?"

मावशीनं त्याच्या अंगावरचं पांघरूण विनाकारण सारखं केलं. जीप गेल्यावर ती दुकानाच्या बंद फळीसमोर उभी राहिली, आणि आपलीही जीप कधीतरी अशीच येणार, असं तिच्या मनात आलं.

त्याच दिवशी तिनं नियम बदलला. घरोघर जाऊन सांगितलं, "उद्यापासून बादली कशीही असू दे, मी हाक मारणार. आतून कुणीतरी 'आहे' म्हणायचं. आवाज आला नाही तर मी कडी काढून आत येणार. गावाला जायचं असेल तर तोंडानं सांगून जायचं."

लोकांना आधी हसू आलं, मग राग. पोस्टातला धाकटा भाऊ म्हणाला, "पाण्याचे पैसे देतो की हजेरीचे?" त्यानं चार दिवस 'आहे' म्हटलं आणि पाचव्या दिवशी मुद्दाम गप्प बसला. मावशीनं खरंच कडी उचकटली. तो आत फक्त टॉवेलवर, तोंडात ब्रश. त्यानं आरडाओरडा करून गल्ली गोळा केली. त्या दिवशी पाच घरं सुटली. कुणी म्हणालं बाईचं डोकं फिरलंय, कुणी म्हणालं मास्तरच्या प्रकरणानंतर तिनं मनाला लावून घेतलं. एकटी वखारीतली म्हातारी आतून ओरडायची, "आहे, आहे, मेले नाही अजून, पाणी ओत."

मावशीनं नियम सोडला नाही. तिला सोडता येईना. 'आहे' ऐकल्याशिवाय तिचा पाय पुढे पडायचा नाही. पण घरं गळत गेली. ऊन वाढलं तशी आणखी गळली. पहाटेचं धुकं जाऊन झाडांखाली पाचोळा पडायला लागला, तेव्हा तिच्याकडे सात घरं उरली होती. म्हातारी, बाळंतीण, गुडघ्यांचा त्रास असलेला कंडक्टर, आणि अशीच दुखणाऱ्या हाडांची आणखी चार माणसं. ज्यांना खरंच लागत होतं तेवढीच. सातच्या सात 'आहे' म्हणायची, कुणी कण्हत, कुणी वैतागून. त्यापलीकडे एक शब्द नाही. मावशीला वाटायचं, यांना माझी बादली ठाऊक आहे, मी नाही.

एका शनिवारी दुपारी भाऊ आला. किती घरं म्हणून त्यानं विचारलंच नाही. दाराशी उभ्या असलेल्या किटल्या मोजल्या.

"सात?"

"सात."

"ठरलं होतं आपलं."

"हो."

"मी चिडवत नाहीये गं. पण तूच सांग, कोण आहे तुझं इथं? उद्या तू त्या मास्तरासारखी पडलीस तर कोण येणार आहे बघायला?"

मावशीनं उत्तर शोधलं. खरोखर शोधलं, एकेक दार आठवून. मग म्हणाली, "कुणी नाही."

"मग चल. आत्ता चार कपडे घे. दोन दिवस राहा, सवय होऊ दे. सोमवारी भंगारवाल्याला घेऊन येऊ, बंब उचलू, खोल्यांची किल्ली भाडेकरूला देऊ."

सात घरांना सांगून जावं असं तिच्या मनात आलं. पण सांगणार काय? हरले म्हणून? ज्यांच्या कड्या उचकटल्या त्यांच्या गल्लीतून जाऊन, मीच चालले म्हणून सांगायचं तिच्या जिवावर आलं. आणि उन्हाळा तर लागलाच होता. एक-दोन दिवस पाणी नाही आलं तर काय मोठं बिघडणार? सोमवारी येऊ तेव्हा सांगू. तिनं मागचं दार आतून लावलं, पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि भावाच्या मागून निघाली. वाटेत तिला कुणीही विचारलं नाही, कुठे निघालीस म्हणून.

शहरातल्या घरी वहिनीनं चांगलं केलं. नवीन चादर काढली होती. गादी जिन्याजवळच्या बोळातच घातली होती, पण पंखा लावून. पहाटे चारला मावशीला जाग आली. विहीर नाही, भुसा नाही, काही नाही. ती गादीवर बसून राहिली. सहाला भाचा पायऱ्या उतरताना तिच्या पायाला अडखळला आणि "सॉरी आत्या" म्हणून पुढे गेला. न्हाणीघरात बटण दाबलं की भिंतीवरच्या टाकीतून कढत पाणी यायचं. मावशीनं सवयीनं कोपर बुडवून बघितलं. बरोबर होतं. तिच्या मदतीची कुणालाच गरज नव्हती. ती भाजी चिरायला गेली तर वहिनी म्हणाली, "तुम्ही बसा हो वन्सं, आता आराम करायचा." ती बसली. दिवसभर बसली. संध्याकाळी भावाकडे कुणी पाहुणा आला तेव्हा भाऊ म्हणाला, "ही माझी बहीण. आता इथंच असते." आता इथंच असते. ते ऐकून मावशीला इतकं परकं वाटलं की ती उठून न्हाणीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मास्तर म्हणाला होता तेच झालं होतं.

सोमवारी दहाच्या सुमारास टेम्पो गल्लीत शिरला. भंगारवाला पुढे, त्याचा वजनाचा काटा मागे ठेवलेला, भाऊ आणि मावशी मधे. घर दिसलं तसा भाऊ म्हणाला, "अरे, दार उघडं कसं?"

तो उतरून दाराशी गेला. दार नुसतं उघडं नव्हतं. कोयंडा मुळासकट उखडला होता. कुलूप तसंच बंद, कोयंड्यात अडकलेलं, उंबऱ्याजवळ पडलं होतं. आत फरशीवर मातीच्या पायांचे ठसे होते, पार आतल्या खोलीपर्यंत. खाट ओढून मधे आणलेली, न्हाणीचं दार सताड. भाऊ ओरडला, "चोरी झाली."

"चोरी कसली, मेल्या," दाराच्या कडेनं, खालून आवाज आला.

वखारीतली म्हातारी भिंतीला टेकून, सुजलेले पाय पुढे पसरून बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या, मांडीवर वखारीतली एक फळी. तिच्याकडे बघून मावशी टेम्पोतून उतरायचीच विसरली.

"काल सकाळी पाणी आलं नाही," म्हातारी म्हणाली. "साडेसहा झाले, सात झाले. मी पोराला पाठवलं. त्यानं हाका मारल्या. आतून 'आहे' नाही. मग कंडक्टर आला, तो मागच्या दाराला धडका देऊन थकला. बाळंतिणीची सासू रडायलाच लागली, म्हणाली मास्तरासारखी पडली असेल. मग माझ्या पोरानं पहार आणली आणि पुढचं दार काढलं."

मावशी हळूहळू खाली उतरली. उंबऱ्यापाशी येऊन तिनं ते बंद कुलूप उचललं.

"आजी, कुलूप बाहेरून होतं ना?"

"होतं."

"मग मी आत कशी पडणार?"

म्हातारीनं कुलपाकडे पाहिलं. "ते तोडून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. खाटेखालीसुद्धा बघून झालं होतं तेव्हा." मग तिचा पारा चढला. "तुला अक्कल आहे का? आम्हाला सांगतेस तोंडानं सांगून जा, आणि स्वतः? दार तोडल्यावर उघडं घर टाकून आम्ही जाणार कसं? कालपासून आम्ही पाळीपाळीनं राखण करतोय. रात्री कंडक्टर होता. माझे पाय बघ. इथं बसून बसून आणखी सुजले. आणि दोन दिवस अंघोळ नाही ती वेगळीच."

भाऊ आत गेला, मातीचे ठसे बघत आतल्या खोलीपर्यंत जाऊन आला. किती जणांचे होते ते मोजत असावा. भंगारवाल्यानं तोवर काटा खाली उतरवून अंगणाकडे नेला आणि हाक मारली, "काय करायचं, उचलायचा का?"

भावानं बहिणीकडे पाहिलं. मावशीला एवढंच म्हणता आलं, "दादा, त्याला म्हणावं काटा ने परत."

"अगं पण सात घरांवर—"

"तुझ्याकडे वहिनी आहे, गरम पाणी आहे, सगळं आहे. तिथं मी दोन दिवस नसते तर तुला कळलंही नसतं."

भावाला ते लागलं. त्यानं बाहेर जाऊन भंगारवाल्याशी काहीतरी हळू आवाजात बोलणं केलं आणि टेम्पो परत वळला. भाऊ त्यात बसला नाही. तो उखडलेला कोयंडा हातात फिरवत, इथं सुतार कुठं राहतो म्हणून विचारत गल्लीच्या टोकाकडे निघाला.

मावशी म्हातारीला म्हणाली, "आत येऊन बसा ना आजी. माझ्या घरात कुणी बसलंच नाही कधी."

"पाय उचलत नाहीत. तूच बस इथं."

मावशी उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसली, आणि बसल्या बसल्या तिला रडू फुटलं. नवरा गेल्यापासूनच्या आठ वर्षांचं होतं, वसतिगृहाचं होतं, मास्तरचं होतं, बोळातल्या गादीचं होतं. ती पदर तोंडात कोंबून रडली. म्हातारी समजूत घालणाऱ्यांतली नव्हती. ती रस्त्याकडे बघत बसून राहिली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "झालं का रडून? झालं की भुसा भरायला घे. ऊन डोक्यावर यायच्या आत मला पाणी पाहिजे."

"थोडं राहिलंय," मावशी म्हणाली.

"मग उरक."

मावशीनं राहिलेलं रडून घेतलं. मग ती उठली, डब्यात दांडा उभा धरला आणि भुसा चेपायला लागली.